ऑटिस्टिक मुलासाठी शिक्षक निवडताना नक्की काय बघायचं

निदानाचा कागद हातात आला की पहिले काही आठवडे सगळे थेरपीबद्दलच बोलतात, स्पीच कुठे, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी कुठे, आठवड्याला किती सेशन. शिकवणार कोण हा प्रश्न मागे पडतो आणि मग कुठेतरी ॲडमिशन झाली की सुटलो असं वाटतं. आमचंही तसंच झालं होतं. आता माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, मधल्या काळात नऊ-दहा शिक्षक झाले, काही स्पेशल एज्युकेटर, काही नेहमीच्या वर्गातले, दोन शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून मदत करणारे, आणि त्यातून जे कळलं ते नव्याने शोधाशोध करणाऱ्या आईबाबांसाठी क्रमाने लिहून ठेवतेय. या कामात नवीन आलेल्या शिक्षकांनीही वाचा, तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी एकच गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मूल सांगितलेलं करत नाही तेव्हा शिक्षकाच्या मनात पहिलं काय येतं ते शोधा. "हा ऐकत नाही" असं येतं की "याचं कुठे अडतंय?" असं येतं. दुसरं येणारा माणूस बाकीचं हळूहळू शिकतो, पहिलं येणाऱ्याकडे कितीही सर्टिफिकेटं असली तरी आमच्या अनुभवात ते वर्ष वाया गेलं.

पायरी १: शिक्षक बघायच्या आधी मुलाचं एक पान लिहा

एकच पान, जास्त नको, जास्त कोणी वाचत नाही. कोणते आवाज सहन होत नाहीत, कोणते कपडे टोचतात, काय दिलं की तासभर रमतो, "नको" कसं सांगतो (शब्दाने, हात ढकलून, की तोंड फिरवून), बिनसायच्या आधी काय दिसतं, आणि बिनसल्यावर कशाने शांत होतो. माझा मुलगा बिनसायच्या आधी शर्टची कॉलर चघळतो, त्यानंतर आपल्या हातात दोन-तीन मिनिटं असतात, ही ओळ त्या पानावर सगळ्यात वर होती.

हे पान शिक्षकाच्या हातात दिलं की निम्मी परीक्षा तिथेच होते. कोण वाचतं, कोण घडी करून पर्समध्ये टाकतं. आणि आवाजाचा, उजेडाचा, स्पर्शाचा त्रास वाचून कोणी "सवय होईल हो, सुरुवातीला सगळेच नखरे करतात" म्हणालं तर तिथेच थांबा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर ज्या निकषांवरून निदान करतात त्यात, हे संवेदनांचं वेगळेपण ऑटिझमच्या लक्षणांत सरळ लिहिलेलं आहे. त्याला नखरे म्हणणाऱ्याने मूळ गोष्टच वाचलेली नाही.

पायरी २: पहिल्या भेटीत कोण जास्त बोलतंय ते बघा

चांगला शिक्षक पहिल्या भेटीत विचारतो जास्त, सांगतो कमी. आणि मूल खोलीत असेल तर त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलत नाही. बोलत नसलेलं मूल ऐकत नसतं असा एक समज आहे, तो अगदी चुकीचा आहे. आमच्या एका बाई आल्या तेव्हा आधी जमिनीवर बसल्या, मुलाच्या जवळ पण अगदी समोर नाही, जरा बाजूला, आणि तो ज्या गाड्या ओळीत लावत होता तिच्या टोकाला एक गाडी ठेवून दिली. काही बोलल्या नाहीत. त्याने ती गाडी उचलून आपल्या पद्धतीने सरकवून ठेवली, आणि मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रंगाने नाही लावत आहे, लांबीने लावतोय." आम्हाला दोन वर्षांत हे कळलं नव्हतं!!

"माझ्याकडे बघ, डोळ्यात बघ" असं पहिल्याच भेटीत सुरू झालं तर सावध व्हा. कितीतरी ऑटिस्टिक मोठी माणसं आता स्वतः सांगतात की नजरेला नजर द्यायला लावली की ऐकणं बंद होतं, दोन्ही एकदम जमत नाही.

"किती ऑटिस्टिक मुलांना शिकवलंय?" हा प्रश्न सगळे विचारतात, आकडा मिळतो, कळत काहीच नाही. त्याऐवजी म्हणा, त्यातल्या एखाद्या मुलाबद्दल सांगा, नाव नको. मग ऐका. "सिव्हिअर केस होती, खूप इम्प्रूव्ह झाली" एवढंच आलं तर तिथे मूल दिसलेलंच नाही. "त्याला पाणी ओतायला आवडायचं, म्हणून मोजमाप आम्ही तिथूनच सुरू केलं" असं आलं तर पुढे बोला.

डिग्री आणि ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. हवंच, पण ते दाराशी बघायचं, घरात आल्यावर दुसरं बघायचं. ट्रेनिंग कशाचं झालंय, शेवटचं काय नवीन शिकलात, आधी काय करत होता जे आता बंद केलंय, हे विचारा. शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे कारण या क्षेत्रात समजुती खरंच बदलल्यात. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं आणि त्यानंतर काही दशकं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं असं खुशाल सांगितलं जायचं, ते केव्हाच खोटं ठरलंय. तरीही "घरी कोणी बोलत नाही का त्याच्याशी?" असं विचारणारे शिक्षक आजही भेटतात, मला भेटलेत, आणि त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले होते. तुम्ही रडू नका, सरळ उठून या.

पायरी ३: तासभर वर्गात बसून बघा

ही पायरी कोणी टाळू नका. बाहेरच्यांना बसू देत नाही असं सांगितलं तर कारण विचारा, बाकीच्या मुलांना नवीन माणसाचा त्रास होतो हे कारण खरं असू शकतं, मग दाराच्या काचेतून किंवा कोपऱ्यातून बघायची सोय करतात का ते बघा. काहीच करत नसतील तर नको.

मी पहिल्यांदा सेकंद मोजते. शिक्षकाने प्रश्न विचारला किंवा काही करायला सांगितलं की पुढचा शब्द बोलेपर्यंत किती थांबतात. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या तासांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण १ सेकंदच थांबतात, आणि ३ सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात. ही सर्वसाधारण मुलांची गोष्ट. ऑटिस्टिक मुलांपैकी बऱ्याच जणांना ऐकलेलं पोचायला, त्याचा अर्थ लागायला, मग अंगाला हलवायला जास्त वेळ लागतो, आणि मधेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की बिचाऱ्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आमच्या त्या गाडीवाल्या बाई मांडीवर बोट टेकवत १० मोजायच्या, मी बघितलंय, ओठ घट्ट मिटलेले आणि बोट चालू, आणि आठव्या-नवव्याला हा उठून पेन्सिल आणायचा. इतर ठिकाणी चौथ्या सेकंदाला "अरे आण ना, ऐकू येत नाही का" आलेलं असायचं.

दुसरं, शब्द किती आणि कसे. "जरा सगळे नीट बसता का आता, काय चाललंय" यात मुलाने नक्की काय करायचं? "खुर्चीवर बस" हे कळतं. आणि "एक मिनिट" म्हटलं तर ते एकच मिनिट आहे ना, की दहा? ही मुलं शब्दाला धरून चालतात, तुम्ही शब्द मोडलात की तुमच्यावरचा भरवसा मोडतो.

तिसरं, भिंत. चित्रांचं वेळापत्रक लावलेलं असेल, छान, पण ते कोणाच्या उंचीवर आहे? मुलाच्या डोळ्यांसमोर की पाहुण्यांच्या? झालेल्या कामाचं चित्र काढून ठेवतात का, आज काही बदललं असेल तर ते चित्र बदललंय का? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून ऑटिस्टिक मुलांसाठी चालत आलेल्या टीच (TEACCH) कार्यक्रमात मुळात हेच सांगतात की काय काम, किती, कधी संपणार आणि त्यानंतर काय, हे मुलाला न विचारता दिसलं पाहिजे. एका वर्गात मी लॅमिनेट केलेली अतिशय सुंदर चित्रं बघितली, सगळ्यांवर धूळ होती.

हात कसे वापरतात तेही बघा. मुलाचा हात धरून लिहून घेतात का, मनगट ओढून बसवतात का, की आधी सांगतात, मग दाखवतात, आणि स्पर्श करायच्या आधी विचारतात? आणि मूल हात फडफडवत असेल, झुलत असेल, तर लगेच "हात खाली" होतं का? तो फडफडाट त्याला स्वतःला सांभाळायला लागतो. कोणाला लागत नसेल, स्वतःला इजा होत नसेल, तर तो थांबवायचं कारणच नाही.

पायरी ४: वागण्याबद्दल हा एक प्रश्न विचाराच

"मूल रोज एका ठराविक वेळी वर्गातून पळून जातं, तुम्ही काय कराल?" एवढंच विचारा.

हे आमचंच आहे. रोज तिसऱ्या तासाला हा बाहेर पळायचा, आणि डायरीत लाल शाईने "उद्धट, शिस्त नाही" असं येत राहिलं, दाराला कडी लागली, मग तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी पहिल्या आठवड्यात काहीच केलं नाही, फक्त लिहिलं, पळायच्या आधी काय झालं, मग त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. आठवड्याने त्या मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या आणि कोणाला तरी एकेक यंत्र चालू करायला सांगितलं. त्याच्या बरोब्बर डोक्यावर प्रोजेक्टर होता आणि त्याच्या पंख्याची बारीक शिट्टी सतत येत होती. आपल्याला लक्ष दिल्याशिवाय ऐकू येणार नाही इतकी बारीक. बाक दोन ओळी मागे गेला, त्याच्या हातात "बाहेर" असं कार्ड दिलं, पहिले चार दिवस तो दहा-दहा वेळा कार्ड दाखवून बाहेर जायचा आणि त्या प्रत्येक वेळी जाऊ द्यायच्या. मग कार्ड दिवसातून दोनदा, मग कधीतरी.

बाईंनी केलं ते काही जादू नाही, त्यामागे काम आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की मुलं अवघड काम टाळायला किंवा लक्ष वेधायला जे वागतात त्याच्याऐवजी "मला कळत नाहीये" किंवा "बरोबर करतोय ना?" असं मागायला शिकवलं की ते वागणं बरंच कमी होतं. पण आधी वागण्याचं कारण बरोबर शोधावं लागतं, हीच सगळी मेहनत आहे. म्हणून उत्तर ऐकताना बघा, शिक्षक आधी शिक्षेकडे जातायत, बक्षिसाकडे जातायत, की "कोणत्या वेळी? आधी काय असतं?" असं तुम्हालाच उलट विचारतायत.

एक जोड. वागणं अचानक बदललं तर चांगले शिक्षक घरी विचारतात, झोप झाली का, पोट साफ आहे का, दात तर दुखत नाही ना. आपल्याला दुखतंय हे ओळखणं आणि सांगणं यातल्या कितीतरी मुलांना जमत नाही, आणि ऑटिझमबरोबर फिट्स येण्याचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे वर्गात फिट आली तर काय करायचं हे त्यांना माहीत असलंच पाहिजे.

पायरी ५: मेल्टडाऊनला काय करतात

हट्ट आणि मेल्टडाऊन यातला फरक त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. हट्ट करणारं मूल काहीतरी मिळवायला रडतं, बघणारं कोणी आहे का हे मधेमधे बघतं, आणि ती गोष्ट मिळाली की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच गेलेला असतो, त्या वेळी गोष्ट दिली तरी थांबत नाही आणि धाक घातला तरी थांबत नाही.

मला ऐकायचं असतं ते असं: आवाज कमी करतो, दिवा मालवतो, बाकीच्या मुलांना बाजूला नेतो, लागेल अशा वस्तू उचलतो, शब्द जवळजवळ बंद, आणि शांत झाल्यावर लगेच अभ्यासाला बसवत नाही, कारण त्यानंतर मूल अगदी गळून गेलेलं असतं. जे ऐकायचं नसतं ते म्हणजे खोलीत कोंडणं, दोघातिघांनी धरून ठेवणं. पालथं पाडून दाबून धरणं तर जिवावर बेतू शकतं, त्याने श्वास अडकून माणसं गेलेली आहेत. यावर कोणाशी वाद घालू नका, मूल घेऊन निघा.

आणि गप्प मुलांबद्दल विचारायला विसरू नका. काही मुलं, त्यात मुलींचं बऱ्याचदा असं होतं, शाळेत सगळं दाबून इतरांसारखं वागतात आणि घरी दारात पाऊल टाकल्यावर फुटतात. "आमच्याकडे तर काहीच त्रास नाही, घरीच काहीतरी असेल" म्हणणाऱ्या शिक्षकाला हे माहीत नाही. "घरी आल्यावर कसं असतं?" असं आपणहून विचारणाऱ्याला माहीत आहे.

पायरी ६: बोलणं म्हणजे फक्त तोंडाने बोलणं असं मानतात का

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना दिवसभर एक वाक्य म्हणायचा, "दरवाजे बंद होत आहेत." लिफ्टमधलं. एका ठिकाणी सांगितलं गेलं की हे निरर्थक आहे, दुर्लक्ष करा. गाडीवाल्या बाईंनी मात्र वहीत लिहून ठेवलं की तो हे कोणकोणत्या वेळी म्हणतो, आणि निघालं असं की गोंगाट वाढला, माणसं वाढली की म्हणतो. दरवाजे बंद होत आहेत म्हणजे आता पुरे, मला इथून जायचंय. बाईंनी ते वाक्य बंद नाही केलं, त्याच्या शेजारी "पुरे" ठेवलं, तो ते वाक्य म्हणाला की लगेच त्या म्हणायच्या "पुरे, जाऊया" आणि खरंच बाहेर न्यायच्या. ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणण्यामागे अर्थ असतो हे स्पीच थेरपिस्ट बॅरी प्रिझंट यांनी १९८० च्या दशकातच मांडलंय, पण तो अर्थ शोधायला कोणीतरी वही घेऊन बसावं लागतं.

बोलत नसलेल्या मुलासाठी चित्रकार्डं, टॅब्लेट, खुणा यातलं काय वापरता हे विचारा. चित्र देऊन वस्तू मागायला शिकवणारी पेक्स ही पद्धत १९८५ पासूनची आहे, नवीन फॅड नाही. "टॅब्लेट दिला की बोलणार नाही" असं शिक्षक म्हणाले तर त्यांना सांगा की मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून तपासलं, त्यात नीट नोंदी असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं त्यामुळे कमी झालं नव्हतं, उलट बहुतेकांचं वाढलं होतं. आणि ते कार्ड किंवा टॅब्लेट दिवसभर मुलाच्या हाताशी असतं का, की तासापुरतं कपाटातून निघतं, ते बघा. कपाटात ठेवलेला आवाज काय कामाचा?

एक इशारा मात्र देते. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा मनगट धरायचं आणि मूल अक्षरांवर बोट ठेवून लिहितंय असं सांगायचं, ही पद्धत कोणी दाखवली तर भुलू नका. तपासल्यावर दिसलंय की शब्द मुलाचे नसून धरणाऱ्याचे असतात, अमेरिकेतल्या आशा या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. आशेपोटी आपण फसतो, मी समजू शकते.

पायरी ७: मुलाच्या वेडाचं काय करतात

लिफ्ट हे आमच्याकडचं वेड. बरेच शिक्षक ते बक्षीस म्हणून वापरतात, पाच गणितं कर मग लिफ्टचा व्हिडिओ. ठीक आहे, चालतं. पण सहावीतल्या गणिताच्या सरांनी उणे संख्या लिफ्टवर शिकवल्या, तळमजला शून्य, पार्किंग उणे १, उणे २, आणि हा त्या आठवड्यात वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तरं देत होता, शेजारचा मुलगा याला विचारायला लागला. एका वेळी एकाच गोष्टीत पूर्ण बुडून जाणं हाच ऑटिस्टिक मनाचा स्वभाव आहे असं काही ऑटिस्टिक अभ्यासक स्वतःच मांडतात. मग तिथूनच शिकवलं तर काय बिघडलं.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक, त्यांनी २०१२ मध्ये असं म्हटलं की न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसा इतरांनाही तो कळत नाही. मला वाटतं शिक्षकाला हे वाक्य माहीत असो नसो, त्याच्या वागण्यात दिसलं पाहिजे. "मला अजून कळत नाहीये, बघू या" असं म्हणू शकणारा शिक्षक मला सगळं येतंय म्हणणाऱ्यापेक्षा मी दहा वेळा निवडीन.

शॅडो टीचर घेत असाल तर एवढंच बघा की त्या कुठे बसतात. मुलाला आणि बाकीच्या मुलांना जोडत मागे बसतात, की मधे भिंतीसारख्या? आणि मदत महिन्यागणिक कमी करायचा काही प्लॅन आहे का, नाहीतर मूल बाईंच्या खुणेशिवाय वहीसुद्धा उघडत नाही अशी वेळ येते.

पायरी ८: पहिला महिना

निवड झाली म्हणजे संपलं नाही, महिनाभर नीट बघा. मूल बोलत नसलं तरी अंग बोलतं. शाळेच्या आदल्या रात्रीची झोप, नखं कुरतडणं, गणवेश दिसल्यावर चेहरा, कपड्यांत शू होणं थांबलेलं असताना ते परत सुरू होणं. सुरुवातीचे पंधरा दिवस कठीण जाणारच, नवीन जागा आहे, पण हळूहळू उतरण दिसायला हवी. वाढत चाललं असेल तर विचारा, आणि विचारल्यावर शिक्षक चिडतात की सोबत बसून शोधतात ते बघा. अंगावर वळ दिसला आणि कोणी काही सांगितलेलं नसेल तर त्याच दिवशी जा, उद्यावर ठेवू नका.

आपलंही काम असतं. रात्री झोप नाही झाली, औषध बदललं, घरी पाहुणे आलेत, हे दोन ओळींत सकाळी कळवा. शिक्षकाने काही चांगलं केलं तर ते नेमकं काय केलं ते सांगा, नुसतं थँक्यू नको. या लोकांवर खूप ताण असतो, आणि चांगली माणसं थकून सोडून जातात हे मी दोनदा बघितलंय.

पायरी ९: वर्ष संपताना

जुन्या शिक्षकांकडून नवीन शिक्षकांसाठी एक पान लिहून घ्या, आणि तुमच्या पहिल्या पानाला जोडा. आमच्या फाइलमध्ये आता अशी सात पानं आहेत. गाडीवाल्या बाईंच्या पानावर फक्त चार ओळी आहेत: प्रश्न विचारल्यावर दहा मोजा. कॉलर तोंडात गेली की काम थांबवा. दरवाजे बंद होत आहेत म्हणजे पुरे. गाड्या लांबीने लावतो, मधली उचलू नका.